महिन्याला अकरा हजार मागे पडतात. हरसूल रस्त्याला पाच गुंठे घ्यावेत का?

गोधडीवाली
शुक्रवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. तेही नवरा तिसऱ्या पाळीला गेलाय म्हणून. घरी असता तर म्हणाला असता, "लोकांना विचारून कोणी जमीन घेतं का?"

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. एक खोली, स्वयंपाकघर आणि घरमालकीणबाईंच्या कृपेने गच्चीचा एक कोपरा. भाडं ६,००० रुपये. तो अंबडला एका कंपनीत सीएनसी मशीनवर आहे, हातात २३,५०० येतात. मी सकाळी एका छापखान्यात डीटीपी करते, त्याचे ७,००० आणि दुपारनंतर गोधड्या शिवते, त्याचे सरासरी ४,०००. श्रावणात हजारसुद्धा सुटत नाहीत आणि थंडी पडली की आठ-आठ हजार येतात, अशी ती सरासरी. जेलरोडला दिरांकडे सासूबाई असतात, त्यांचे ४,००० धरून घरखर्च साडेतेवीसच्या आसपास. म्हणजे त्याचा पगार घर खातं आणि माझे अकरा हजार मागे पडतात. हे वाक्य मी इतक्यांदा बोलते की तो म्हणतो, एकदाचं फ्लेक्सवर छापून दाराला लाव.

फ्लेक्सवरून आठवलं. छापखान्यात चुकीचे छापलेले फ्लेक्स फेकायलाच जातात. ते आणून मी मशीनवर दुहेरी शिवणीने पिशव्या शिवते आणि गच्चीवर त्यांत मिरची, मेथी, अंबाडी लावते. एका भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स 'हार्दीक' असा छापला गेला म्हणून रद्द झाला होता. सध्या त्या भाऊंच्या फेट्याच्या वर मेथी उगवलेली आहे. उन्हाने फ्लेक्स दीड वर्षात चिरतो, मग तो कचराच होतो, हे मला कळतं. पण तोवर कुंडीचे पैसे वाचतात.

दिवाण आणि पुस्तकांची मांडणी पॅकिंगच्या लाकडाची. मशीन ज्या खोक्यांतून येतात त्या पाइनच्या फळ्या अंबडच्या भंगारवाल्याकडे किलोवर मिळतात. नवऱ्याने खिळे उपटून, ठोकून सरळ करून तेच परत वापरलेत. पहिले सहा महिने दिवाणाला ग्रीसचा वास यायचा. पाहुणे विचारायचे, गाडी घेतली का?

गेल्या नोव्हेंबरात गिरणाऱ्याला टोमॅटोची जाळी ८० रुपयांवर आली होती. वीस किलोची जाळी! शेतकऱ्याकडे बघवत नव्हतं. आम्ही दोन जाळ्या घेतल्या, सिटीलिंकच्या कंडक्टरने तोंड वाकडं केलं, पण आणल्या. चकत्या करून, मीठ लावून, जुन्या नायलॉन साडीखाली गच्चीवर वाळवल्या. चाळीस किलोचे जेमतेम पावणेतीन किलो झाले, पण ते मे महिन्यापर्यंत पुरले. मार्चमध्ये द्राक्षांचे सुटे मणी स्वस्त मिळतात, त्याचे घरीच बेदाणे करते. चार किलोला एक किलो पडतो. रंग बाजारातल्यासारखा सोनेरी येत नाही, काळपट येतो. खीर मात्र चांगली होते.

मजा कमी करतो असं नाही. रविवारी पहाटे पांडवलेणी चढतो, महिन्यातून एकदा मिसळ खातो, आणि सावानाचं (सार्वजनिक वाचनालयाचं) सभासदत्व आहे. १८४० सालचं वाचनालय आपल्या गावात असताना पुस्तकं विकत कशाला घ्यायची? नवरा पुस्तक परत करायला एक दिवस उशीर झाला तरी अस्वस्थ होतो. दंडाच्या पैशांमुळे नाही म्हणतो, पण दंडाच्या पैशांमुळेच.

लग्नही असंच केलं. नोंदणी, आणि माझ्या माहेरी अंगणात चाळीस माणसांची पंगत. बुंदी, वांग्याची भाजी, वरणभात. वडिलांचे तेव्हा वाचले ते वाचलेच.

नातेवाईक आम्हाला कंजूष म्हणतात. माझी मावससासू तर तोंडावर म्हणाली, "तुम्ही दोघं पैसे वाळवता की टोमॅटो?" तेही चालतं. पण हे सगळं कशासाठी, ते सांगायला हवं. अजून सहा-सात वर्षांत आम्हाला शहराबाहेर जायचंय. छोटं कौलारू घर, एक गाय नको (दोघांनाही धारा काढता येत नाहीत), पण भाजीपाला, चार शेवगे, दोन लिंबं, आणि माझं गोधडीचं काम मोठ्या पडवीत. तो आठवड्यातून चार दिवस कुठे छोट्या वर्कशॉपात जाईल. रात्रपाळीने त्याची झोप गेली आहे. तिशी गाठायच्या आत गोळी घेऊन झोपणं बरं दिसत नाही.

आता मुद्दा. त्र्यंबकच्या पुढे हरसूल रस्त्याला एक एजंट 'फार्महाऊस प्लॉट' विकतोय. पाच गुंठे, गुंठ्याला ७५,००० म्हणजे ३ लाख ७५ हजार. आमच्याकडे तीन वर्षांचे मिळून ३ लाख ८० हजार आहेत. म्हणजे देवानेच हिशोब करून पाठवल्यासारखं. तो म्हणतो, सध्या नोटरी करू, पुढे चौघा-पाच जणांची मिळून सामाईक खरेदी करून देतो. २०२७ चा सिंहस्थ झाला की भाव दुप्पट होतील म्हणतो. जागा सुंदर आहे, डोंगर आहे, खाली ओहोळ आहे. आम्ही ११,००० टोकन दिलंय. उरलेले पैसे पंधरा दिवसांत द्यायचेत.

दोघांच्या घरात जमिनीचे व्यवहार कोणी केलेले नाहीत. सासरी जमीन नाहीच, सासरे सातपूरला कामगार होते. काय बघायचं असतं?

निवृत्त_तलाठी_आप्पा
शनिवार, सकाळी ६.०५

मुली, पहिली गोष्ट, आणखी एक रुपयाही देऊ नकोस. बाकीचं सावकाश वाच.

मी पेठ, दिंडोरी, त्र्यंबक या पट्ट्यात नोकरी केलेली आहे. त्या रस्त्याची बरीचशी जमीन आदिवासी खातेदारांची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम ३६अ. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकारी आणि शासनाच्या परवानगीशिवाय जात नाही. नोटरी केली, साक्षीदार आणले, पेढे वाटले, तरी जात नाही. पैसे मात्र जातात. आणि वर आपण एका गरिबाच्या जमिनीवर बसलेलो असतो, तो भाग वेगळाच.

दुसरं. जमीन आदिवासीची नसली तरी कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. तुम्ही दोघं शेतकरी नसाल तर खरेदीखत करायला गेल्यावर पहिला प्रश्न तोच येईल.

तिसरं, तुकडेबंदी, म्हणजे ठरल्याहून लहान तुकडा पाडता किंवा विकता येत नाही. १९४७ चा कायदा आहे, २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र कमी करून जिरायत वीस गुंठे, बागायत दहा गुंठे केलं. म्हणून तर तो चौघा-पाच जणांना एकत्र बांधतोय. सामाईक खरेदीत तुझे पाच गुंठे कुठले, हे सातबाऱ्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. ओहोळाकडचे सगळ्यांनाच हवे असतात. भांडण तिथून सुरू होतं.

सातबारा ऑनलाइन काढ. भोगवटादार वर्ग १ की २ ते बघ (वर्ग २ म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी), इतर अधिकाराचा रकाना नीट वाच, जुने फेरफार, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदी, काढ. एजंटने सातबारा व्हॉट्सॲपवर पाठवला असेल तर तो बघून न बघितल्यासारखा कर. स्वतः काढलेलाच खरा.

आणि एक विचारतो, राग मानू नकोस. सासरी जमीन नाही म्हणालीस. माहेरी?

मिसळ_जादा_रस्सा
शनिवार, सकाळी ९.१५

आप्पांनी एवढं जड लिहिल्यावर माझा प्रश्न हलका वाटेल, पण चाळीस किलो टोमॅटोला माशा बसल्या नाहीत का? आमच्या सौ.ने अर्धा किलो वाळवायला ठेवले, त्यांना बुरशी आली. कृती द्या. आणि 'हार्दीक' भाऊंचा मेथीसकट फोटो टाकाच.

कौलारू
शनिवार, दुपारी २.३०

आप्पा बोलले ते बोलले, मी घराबद्दल बोलतो. घोटीजवळ गावठाणातलं एक जुनं घर घेऊन मी सहा वर्षांपूर्वी दुरुस्त केलं. तुमच्या पोस्टीत 'छोटं कौलारू घर' दोन शब्दांत आलंय. ते दोन शब्द मला पहिल्या वर्षी फार महागात पडले.

पहिलं म्हणजे, कुठलीही जागा आत्ता जूनच्या तोंडावर बघून पसंत करायची नाही. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जा. नाशिक शहरात पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, इगतपुरी-घोटीकडे तो तीन हजारांच्या वर जातो. एकाच जिल्ह्यात दोन देश आहेत. तुम्हाला आवडलेला ओहोळ तेव्हा कुठवर येतो ते तेव्हाच कळेल.

आमच्याकडे जुनी भिंत म्हणजे कुड. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून दोन्हीकडून माती, शेण आणि भाताचा तूस कालवून लिंपायचं. थंडीत ऊब, उन्हाळ्यात गारवा, सगळं खरं. पण जोतं दगडाचं आणि गुडघ्याच्या वर हवं, कौलांची वळचण भिंतीपासून निदान अडीच फूट पुढे हवी. मी हौसेने वळचण आखूड ठेवली, घर सुटसुटीत दिसावं म्हणून. पहिल्याच पावसात पश्चिमेची भिंत खालून विरघळली. शेजारच्या आजी बघून म्हणाल्या, "घर दिसायला बांधलं का ऱ्हायला?"

दर दिवाळीला लिंपण. दर वैशाखात कौलं चाळायची, कारण माकडं वर नाचतात. वाळवी वेगळी. हे सगळं स्वतः केलं तर स्वस्त, मजूर लावले तर सिमेंटच्या घरापेक्षा महाग. तुम्ही दोघं हाताने कामं करणारी आहात, म्हणून लिहितोय. नाहीतर नकोच म्हटलं असतं.

शेतजमीनच हवी असा हट्ट नसेल तर गावठाणातलं पडकं घर बघा. गावठाणात शेतकरी असण्याची अट नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि आता स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावांत मिळकत पत्रिकाही मिळते. भाजीला परसदार पुरतं. गोधडीला पडवी पुरते.

दोन_टोकं
शनिवार, रात्री १०.५०

मी साडेतीन वर्षं गावात राहून परत आले, म्हणून मला बोलायचा हक्क आहे असं समजते.

गावात राहणं स्वस्त नाही गं. स्वस्त असतं ते तुमचं आत्ताचं राहणं. कारण सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. छापखाना, भंगारवाला, दवाखाना, कुरिअर. गावात गेल्यावर आमचा पहिला खर्च दुसरी दुचाकी हा होता. एकाच दुचाकीवर दोघांच्या दोन दिशा होत नाहीत.

मला आठव्या महिन्यात रात्री दुखायला लागलं. १०८ ला फोन केला. गाडी आली, वेळेवर आली, पण नाशिकला पोहोचेपर्यंतचा तो घाट मी अजून विसरले नाही. मुलगी नीट आहे, आता पाच वर्षांची आहे. पण नवऱ्याने त्या रात्रीनंतर परत जाण्याचं नावही काढलं नाही, आणि मीही नाही.

तुला घाबरवायचं नाहीये. मूल हवं असेल तर त्याचं वय धरून आखा, एवढंच. आणि कंपनी सुटली की आजारपणाचा विमा स्वतः काढावा लागतो, तो हप्ता तुझ्या अकरा हजारांत लिहिलेला दिसला नाही.

गोधडीचे दर काय घेतेस? चार हजार महिना फारच कमी वाटतात.

गोधडीवाली
रविवार, सकाळी ७.२०

सगळ्यांचे आभार. काल रात्री तो आणि मी हा धागा मोबाइलवर दोनदा वाचला. आप्पांचा प्रतिसाद वाचून तो उठला, माठातलं पाणी प्याला आणि म्हणाला, "अकरा हजार म्हणजे तुझा बरोबर एक महिना गेला." माझा! टोकन द्यायला तोच पुढे होता.

आप्पा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे सातबारा काढला. एजंटने पाठवलेला आणि आम्ही काढलेला यांत गट नंबर तोच आहे, पण त्याच्या प्रतीत इतर अधिकाराचा रकाना फोटोत कापला गेला होता. आमच्या प्रतीत तिथे कलम ३६ आणि ३६अ असं स्वच्छ लिहिलंय. त्याला फोन केला तर म्हणाला, "ताई, ते तर सगळ्यांनाच असतं." टोकन परत मागितलं तर फोन लागेनासा झाला. असो. नाव लिहीत नाही.

दोन_टोकं, तुमचं वाचून मी बराच वेळ गप्प होते. विमा डोक्यातच नव्हता. दर सांगते: मोठी गोधडी १,८००, दुपटं ४५०. मोठीला संध्याकाळचे नऊ-दहा दिवस जातात, सगळा हातचा धावदोरा. मशीनची गोधडी मी करत नाही, ती कडक होते. गेल्या हिवाळ्यात एका बाईंनी वारलेल्या आईच्या सात सुती साड्या आणून दिल्या. कात्री लावायला माझाच हात धजेना. शेवटी काठ अख्खे ठेवले आणि एकात एक अशा चौकटी केल्या. त्या बाई घ्यायला आल्या तेव्हा गोधडीला नाक लावून उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडून १,८०० च घेतले. नवरा म्हणाला, ही कंजुषी नाही, हा वेडेपणा आहे.

मिसळ_जादा_रस्सा, कृती: टोमॅटो घट्ट सालीचे घ्या, चकत्या बोटाच्या पेराएवढ्या नकोत, त्याच्या निम्म्या. बिया झटकून टाका. मीठ लावून तासभर चाळणीत ठेवा, पाणी निथळू द्या. तुम्ही बहुतेक इथेच घाई केलीत. ऊन कडक हवं आणि रात्री आत आणायचंच, दव लागलं की बुरशी. वर साडी, साडीच्या कडेने विटा. पाच-सहा दिवसांत चामड्यासारखं वाकायला लागलं की बरणीत. भाऊंचा फोटो टाकत नाही, भाऊ अजून निवडणुकीला उभे राहायचेत.

कौलारू, माझ्या आजोळी, सिन्नर तालुक्याच्या पूर्वेला, कौलं नव्हतीच. धाबं होतं. लाकडं, त्यावर काटक्या, त्यावर पांढरी माती. पाऊसच इतका कमी की सपाट छप्पर चालायचं. मृगाआधी आजी वर नवी माती पसरायची आणि आम्ही पोरं तुडवायचो. तुमची वळचण वाचून ते आठवलं.

आता आप्पांचा शेवटचा प्रश्न. तो मी मुद्दाम मागे ठेवला. माहेरी जमीन आहे. तीही सिन्नर तालुक्यातच, चार एकर, जिरायत म्हणावी अशी. एका विहिरीवर कांदा निघतो, बाकी बाजरी-सोयाबीन. आजोबांची. वडील आणि भाऊ करतात. पण ती माझी आहे असं कधी डोक्यात आलंच नाही हो. दोन्ही आत्यांनी आजोबा गेल्यावर हक्कसोड करून दिलं, त्या दिवशी घरात पुरणपोळ्या केल्या होत्या एवढं आठवतंय.

निवृत्त_तलाठी_आप्पा
रविवार, सकाळी ८.००

पुरणपोळ्यांची हक्कसोडपत्रं मी नोकरीत शेकड्याने नोंदवली. साडी-चोळी, पोळी, आणि अंगठा.

मुली, ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. वडील तेव्हा हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. आजोबांची जमीन वडिलांकडे कशी आली, तिचं स्वरूप आज काय, हे कागद बघून वकिलाने सांगायचं. मी इथून सांगत नाही.

पण भांडायची गरज नाही, कोर्टातही जायची गरज नाही. सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडे कलम ८५ खाली वाटप होतं. नाहीतर वडिलांच्या स्वतःच्या मालकीचं असेल त्यातून बक्षीसपत्र. मुलीला शेतजमीन बक्षीस दिली तर मुद्रांक २०० रुपये, नोंदणीचा आणि इतर खर्च वेगळा. बघ, तुझ्या एका दुपट्याच्या निम्म्यात मुद्रांक भागतो. फक्त वाटपातही तुकडेबंदी लागते, जिरायत असेल तर वीस गुंठ्यांखाली मागू नकोस.

एकदा तुझ्या नावाचा सातबारा झाला की तू शेतकरी. मग पुढे दुसरीकडे घ्यायचं असेल तर कलम ६३ ची अडचण राहत नाही. ३६अ ची राहते, ती राहायलाच हवी.

विचार तर. विचारायला मुद्रांक लागत नाही.

कौलारू
रविवार, सकाळी ८.४५

आणि धाबं बांधायचं असेल तर सांगा, मी बघायला येईन. पांढरी माती आमच्याकडच्या पावसात टिकत नाही, पण मला ते शिकायचंय.

गोधडीवाली
पुढचा मंगळवार, रात्री ९.१०

रविवारी माहेरी जाऊन आले. त्याला पहिली पाळी होती, एकटीच गेले. नाशिकरोडहून सिन्नर, तिथून पुढे वडाप. दोन दिवस लिहायला धजले नाही.

वडील कांद्याच्या चाळीत होते, सडका निवडून बाजूला काढत होते. मीही बसले निवडायला. अर्ध्या तासाने म्हटलं, "पप्पा, मला वीस गुंठे हवेत." त्यांना वाटलं पिकाचं बोलतेय, म्हणाले, "कशाला लागतात एवढे, कांदा तर घेऊन जा की." मग नीट सांगितलं. एजंटचं, टोकनचं, सगळं.

आई आतून म्हणाली, तुझा वाटा लग्नात दिला. मी म्हटलं, आई, चाळीस माणसं आणि बुंदी. तिला हसू आलं, मग लगेच रडू आलं. भाऊ मात्र चिडला. "मागायचं होतं तर आधी सांगायचं, मी विहिरीवर कर्ज काढलंय." त्याचं चूक नाही. विहिरीच्या कर्जाचं मला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि मीही तीन वर्षांत विचारलं नव्हतं. माझ्या वहीत भाजीच्या जुडीचे दहा रुपये लिहिलेले असतात, आणि भावाच्या डोक्यावर किती आहे ते मला माहीत नाही.

जेवणं कोणी धड जेवलं नाही. चारच्या सुमाराला वडील म्हणाले, चल. नाल्यापलीकडची जी पट्टी आहे ना, जिथे वडिलांकडच्या आजीचं पडकं धाबं आणि कडुनिंब आहे, तिथवर नेलं. पावलांनी मोजलं. मोजताना काही बोलले नाहीत. परत फिरताना म्हणाले, "इथे पाणी नाही. विहिरीचं पाणी पट्टीला येणार नाही, ते त्याचं." मी म्हटलं, पावसाचं येईल ना? तर म्हणाले, "तेवढं येईल." होय म्हणाले की नाही, मला अजून कळलेलं नाही. भाऊ वडापपर्यंत सोडायला आला नाही.

सोडायला वहिनी आली. पिशवीत कांदे, बाजरीचं पीठ, आणि वर तिच्या दोन जुन्या साड्या, "दुपटं कर कोणाचं तरी" म्हणून. गाडी यायला वेळ होता. इकडचं तिकडचं झालं. मग ती मला म्हणाली, त्या आप्पांना माझंही एक विचाराल का? तिचं माहेर संगमनेर तालुक्यात. वडील २०१९ ला वारले, तीन महिन्यांत भावांनी हक्कसोडवर सही घेतली, नोंदणीकृत आहे. कागदात काय लिहिलंय ते वाचून दाखवलं नव्हतं. प्रत तिच्याकडे नाही. भावाला (माझ्या) यातलं काही सांगायचं नाहीये.

आप्पा, ती प्रत कुठे मिळते, आणि मुदत काही उरलेली असते का? मी तिला गुरुवारी फोन करते म्हटलंय, दुपारी दोन ते तीनमध्ये, तेव्हा ती एकटी असते.